फुली म्हणजे होकार

यात जिग्बोर्दीखेरीज सगळ्यांची नावं मी बदलली आहेत. तिच्याबद्दल झाकून ठेवण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

ती माझी थोरली जाऊ. राजधानीत, आक्रा शहरात, मनोरुग्णांच्या इस्पितळात तिनं उमेदीची वर्षं काढली आणि याओदादा, म्हणजे माझे थोरले दीर, निवृत्त झाल्यावर दोघं केटाला परत आली. घर एकच. पुढच्या भागात माझं शिवणकामाचं दुकान आणि मागच्या अंगाला, खाडीकडे तोंड करून, तिची खोली. दोन खुर्च्या, एक टेबल, पाण्याचा जग आणि कॉम्प्युटर. माणसं तिच्याकडे बोलायला यायची. कुणाला झोप लागत नसे, कुणाला पोटच्या बाळाकडे बघवत नसे, कुणाची दारू सुटत नसे.

केटा म्हणजे समुद्र आणि खाडी यांच्यामधली वाळूची पट्टी. एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाला काढा उकळायला ठेवतात. ‘डोक्याच्या बाईकडे’ अमकी जाते एवढं कळलं की त्या घरची सोयरीक मोडलीच म्हणायची. त्यांच्या रक्तातच काहीतरी आहे, असं लोक ठरवून टाकतात. म्हणून माणसं माझ्या दुकानातून यायची, हातात कापड घेऊन. मी माप घ्यायची आणि मागचं दार उघडायची. कित्येकांची मापं मी अशी फुकटच घेतली. कोण आलं ते मला दिसायचं, कशासाठी आलं ते कधीच कळायचं नाही. सुरुवातीला एकदा मी विचारून बघितलं होतं. ती म्हणाली, “तुझ्या गिऱ्हाइकांच्या कमरेची मापं मी विचारते का, यायरा?” पुन्हा विचारायची मला छाती झाली नाही.

माणसांचे नंबर ती कॉम्प्युटरमध्ये ठेवायची. फोनमध्ये ठेवायची सोय नव्हती, कारण आमच्या घरात फोन म्हणजे सार्वजनिक नळ. येईल त्यानं उचलावा. कॉम्प्युटरला पासवर्ड होता. त्यातही तिनं कुणाचं खरं नाव लिहिलेलं नव्हतं. बांगडा, तारली, सुरमई, मुडदुशी अशी सगळी माशांची नावं. याओदादा म्हणायचे, हिच्या कॉम्प्युटरला वास येतो.

पण कॉम्प्युटर सांभाळायचा म्हणजे पासवर्ड घालून मोकळं होणं नव्हे, हे तिच्याकडे बघून मला कळलं. कॉम्प्युटरच्या कंपनीकडून दर थोड्या दिवसांनी दुरुस्त्या यायच्या. पूर्वी त्या नुसत्या दुरुस्त्याच असायच्या. मग त्यांच्या पोटातून भलतंच यायला लागलं. तुम्ही कोणता प्रोग्रॅम किती वेळ उघडा ठेवता, काय टाइप करता, तुमच्याकडे कुणाकुणाचे नंबर आहेत, हे गोळा करून कंपनीला कळवणारे तुकडे. जिग्बोर्दी प्रत्येक दुरुस्तीची माहिती वाचायची, त्यातलं कामाचं ठेवायची आणि हेरगिरीचं उपटून टाकायची. पुढच्या वेळी तेच दुसऱ्या नावानं यायचं. ती पुन्हा उपटायची. रविवारी चर्चहून आलं की आम्ही बायका मक्याच्या पिठाच्या अक्प्लेचे उंडे थापत बसायचो आणि ही मागच्या खोलीत चष्मा लावून तण काढल्यासारखी बसलेली.

“माझ्यावर कधी इतकी नजर ठेवली नाहीस,” याओदादा म्हणायचे.

“तुम्ही कुठं कुणाला काही कळवता? तुम्हाला घरातलंच ठाऊक नसतं,” ती म्हणायची.

एकदा मी तिला म्हटलं, ताई, नेटच तोडून टाका ना. तिलाही तेच हवं होतं. पण तिच्याकडे येणारे निम्मे लोक एक पेसवा द्यायच्या परिस्थितीत नव्हते आणि त्यांचा खर्च एका चर्चचं आरोग्य मंडळ उचलायचं. मंडळाचा माणूस सेलासी, शर्टाला कडक इस्त्री, बोलणं गोड. त्याचं म्हणणं, सगळ्या केंद्रांचे अहवाल आता नेटवरूनच आले पाहिजेत. जिग्बोर्दीनं अहवालासाठी वेगळा कॉम्प्युटर मागितला. जुना, मोडका, कसलाही चालेल म्हणाली. तो हसला. एकटीसाठी दोन-दोन कॉम्प्युटर कशाला, आणि तुम्ही दुरुस्त्या अडवून ठेवता अशी तक्रार आहे, असं म्हणाला. आणि मग, माझ्या दुकानातच उभा राहून, “मॅडम, लपवण्यासारखं एवढं आहे तरी काय तुमच्याकडे?”

“माझं असतं तर केव्हाच तुमच्यासमोर ठेवलं असतं,” ती म्हणाली. “ते दुसऱ्यांचं आहे.”

तो पुन्हा हसला. कॉम्प्युटर एकच राहिला आणि तो नेटला जोडलेला राहिला.

त्या सुमारास सित्सोफे यायला लागली. प्राथमिक शाळेत शिकवायची. पहिल्या दिवशी मी माप घ्यायला टेप खांद्याला लावला तर चटका बसल्यासारखी मागे सरली. पुढं पुढं ती बसायची, मशीनवर काय चाललंय बघायची, एकदा शाळेतल्या एका पोराची नक्कल करून मला इतकं हसवलं की सुई तुटली. अंगावर मांस चढलं. मग कळलं की तिचं जमतंय. मुलगा सेनानू, अफ्लाओच्या सीमेवर जकात खात्यात. त्याच्या घरची वडीलधारी माणसं श्नाप्स दारूच्या बाटल्या घेऊन, मागणी घालायला, रीतीप्रमाणे सित्सोफेच्या काकांचं दार ठोठावून आली. त्या दिवसासाठी तिचा काबा, म्हणजे समारंभाचं झंपर, मी शिवला, गळ्याला सोनेरी नक्षी काढून. त्या वेळचं माप खरोखर शिवण्यासाठी होतं.

सेनानूच्या घरात शब्द चालायचा तो त्याच्या आत्याचा. आफी तिचं नाव. धुरावलेल्या मासळीची मोठी व्यापारीण, चर्चच्या महिला मंडळाची पुढारीण. आमच्यात लग्नाच्या गोष्टी वडिलांच्या बहिणीवाचून पुढं सरकत नाहीत. आणि ही आफी आत्याही माझ्या दुकानातून मागं जायची. नवरा होडीवरून बुडून गेला तेव्हापासून. दर खेपेला तेच निळं कापड आणायची आणि जाताना घडी मोडू न देता परत न्यायची. सित्सोफेचा वार वेगळा, आत्याचा वेगळा. दोघी एकमेकींना इथं कधी दिसल्या नाहीत. जिग्बोर्दी ते जपायची.

एका शनिवारी जिग्बोर्दी अनलोगाला कुणाच्या तरी अंत्यविधीला गेली होती. याओदादांना फुटबॉलचा सामना बघायचा होता. त्यांच्यासाठी तिनं कॉम्प्युटरवर वेगळी सोय करून दिली होती; तिच्या कागदांपर्यंत त्यांना जाता येत नसे, आणि त्यांना जायचंही नसायचं. सामना ऐन रंगात असताना पडद्याच्या मधोमध एक चौकट आली. नवी आवृत्ती तयार आहे. आत्ता बसवायची की संध्याकाळी? नको म्हणायला जागाच नव्हती. याओदादांनी कोपऱ्यातली फुली दाबली. आपण सगळेच दाबतो. नको असलेलं माणूस फुलीनंच तर बंद करतं. चौकट गेली, सामना पुढं सुरू झाला.

कंपनीनं फुलीचा अर्थ होकार असा ठरवला होता.

सामना संपायच्या आत पडदा निळा झाला आणि बंद करू नका असं लिहून आलं. याओदादांनी मला हाक मारली. मी वायर उपटू का म्हटलं, तर ते म्हणाले, नको, जळलाबिळला तर ती मला घराबाहेर काढेल. आम्ही दोघं त्या निळ्या पडद्यासमोर आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे बसलो.

जिग्बोर्दी आली ती लाल-काळ्या सुतकी कपड्यांतच कॉम्प्युटरसमोर बसली. सगळं पालटून गेलं होतं. नेहमीच्या जागी काहीही नव्हतं, आणि जे जे तिनं बंद केलं होतं ते ते सगळं आपोआप चालू झालेलं. ती एकेक खिडकी उघडत, एकेक बटण शोधत, बंद करत गेली. मी तिला पाणी नेऊन दिलं, ते तसंच राहिलं. याओदादा दारात उभे होते. “मी फुली दाबली होती गं,” ते सारखं म्हणत होते.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “तुम्ही नाही म्हणालात, त्यांनी हो ऐकलं. तुमची चूक नाही.”

सगळं बंद करून ती उठली तेव्हा तिला वाटलं, वेळेत आटोपलं. मलाही तसंच वाटलं. पण ती बटणं शोधत असतानाच तिचे नंबर निघून गेले होते. या कंपनीनं फोनवर ओळखी जुळवून देणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीशी हातमिळवणी केली होती, हे आम्हाला मागाहून कळलं. तिकडे माशांच्या नावांना कुणी विचारलंही नाही. त्यांना नंबर पुरे होते.

कळलं ते असं. तिच्याकडे येणारा एक ट्रो-ट्रोचा, म्हणजे वडाप गाडीचा, ड्रायव्हर, भला माणूस, दुकानात आला आणि वाट बघत फोन चाळत बसला. जिग्बोर्दी त्याला बोलवायला बाहेर आली तर त्यानं सहज फोन तिच्यापुढं धरला. “मावशी, ही माणसं कोण हो? चार दिवस झाले, तुम्ही यांना ओळखत असाल, तुम्ही यांना ओळखत असाल, असं चाललंय. एकालाही मी ओळखत नाही.”

तिनं फोन हातात घेतला आणि बोटानं खाली खाली सरकवत गेली. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. तो एकालाही ओळखत नव्हता, आणि आम्ही दोघी सगळ्यांना ओळखत होतो. एकामागून एक, हसरे चेहरे, कुणी लग्नातला फोटो लावलेला, कुणी लेकराला कडेवर घेतलेला. आणि प्रत्येक चेहऱ्याखाली बारीक अक्षरांत, दोघांच्या ओळखीत: जिग्बोर्दी. तिनं तर त्या कंपनीचं तोंडसुद्धा कधी पाहिलेलं नव्हतं.

ती माझ्या कापलेल्या कापडांच्या ढिगावरच बसली. ड्रायव्हर घाबरला, पाणी आणू का विचारायला लागला. तिनं त्याला शेजारी बसवलं आणि जे झालं ते सगळं सांगितलं. त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यानं हळूच विचारलं, “म्हणजे त्यांच्या फोनवर मी दिसतो?”

“हो.”

तो उठून गेला, परत आला नाही. भला माणूस होता; कुठं काही बोलला नाही.

त्याच दिवसापासून तिनं एकेकाच्या घरी जाऊन सांगायला सुरुवात केली. फोनवर नाही, चिठ्ठीनं नाही. दारात उभी राहायची आणि म्हणायची, माझ्याकडून तुमचं नाव फुटलं आहे, असं असं झालं, तुमच्या फोनवर हे हे बंद करा. कुणी आत बोलावलं. एका बाईनं तिच्या पायाशी पाण्याची बादली ओतली. पण सित्सोफेच्या घरी ती पोचायच्या आत सेनानूच्या घरची दोन म्हातारी माणसं तिच्या काकांकडे जाऊन आली होती. मुलाकडचे माघार घेताहेत, एवढंच त्यांनी सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाले, मुलगी डोक्यासाठी औषधोपचार घेते असं आत्यांच्या कानावर आलंय. काकांनी श्नाप्सच्या बाटल्या न फोडता परत पाठवल्या.

सित्सोफे भर बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात आली. गिऱ्हाइकं होती, जिग्बोर्दीही तिथंच होती. ती आरडाओरडा करेल असं मला वाटलं होतं, पण ती वर्गात बोलावं तशी बोलली, स्पष्ट आणि सावकाश. “मावशी, मी मरायला निघाले होते हे मी माझ्या आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. फक्त तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही कुणाकुणाला सांगितलंत?”

“मी कुणालाच नाही सांगितलं. कॉम्प्युटरमधून तुझा नंबर गेला. नंबरच गेला, तू बोललीस त्यातलं काही नाही,” जिग्बोर्दी म्हणाली.

“मग नंबरावरून त्यांना माझं डोकं दिसलं?”

 तिथं मला सगळं उमगलं. आफी आत्याच्या फोनवर सित्सोफेचा चेहरा आला असणार आणि खाली जिग्बोर्दीचं नाव. दुसऱ्या कुणाला त्यावरून काही कळलं नसतं. पण आपलं स्वतःचं नाव जिग्बोर्दीच्या यादीत कशामुळं आहे ते आत्याला ठाऊक होतं, म्हणून मुलीचं कशामुळं असेल तेही तिनं ओळखलं. ज्या खुर्चीत ती स्वतः बसून रडली असेल, त्याच खुर्चीवरून तिनं मुलीला नापास केलं.

सित्सोफे गेल्यावर मी दुकान बंद केलं आणि मागं गेले. “ताई, तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगते. सेनानूला गाठून सांगते, तुझी आत्या कुठल्या दारानं कुठं जायची ते. मी पाहिलंय माझ्या डोळ्यांनी. मी काही शपथबिपथ घेतलेली नाही.”

“माझ्या दारात पाहिलंस ना?” ती म्हणाली. “मग ते माझं आहे. तू तोंड उघडलंस तर कंपनीत आणि आपल्यात काय फरक राहिला?”

“फरक हा की त्या पोरीचं लग्न वाचेल.”

“नाही वाचणार. दोघींची नावं बदनाम होतील, एवढंच.”

मी चिडले. म्हटलं, तुमचा हा सोवळेपणा पोरीच्या जिवावर चाललाय.  आजही मला वाटतं की मी बरोबर होते. आणि मी कुणाला सांगितलंही नाही. दोन्ही खरं आहे.

आफी आत्याकडे मात्र ती गेली, मला बरोबर घेऊन. आत्या मासळीला धुरी द्यायच्या ओट्यांवर बायकांकडून जाळ्या उलटून घेत होती, सगळीकडे धूर. जिग्बोर्दीनं तिला बाजूला बोलवायचा प्रयत्न केला. आत्या जागची हलली नाही. तिनं आम्हा दोघींकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “काय पाहिजे बाई? मी तुम्हाला ओळखत नाही. मासे हवे असतील तर भाव तिकडे विचारा.” तिचे डोळे मात्र आमच्यावरून हलत नव्हते. इतकी घाबरलेली बाई मी क्वचितच पाहिली असेल. जिग्बोर्दी म्हणाली, “तुमचा फोन एकदा कुणा जाणत्याकडून तपासून घ्या,” आणि आम्ही मागं फिरलो.

कंपनीला तिनं पत्रावर पत्रं पाठवली. उत्तर आलं तेही माणसानं लिहिलेलं नव्हतं. आमच्या नोंदीनुसार आपण नव्या आवृत्तीस संमती दिलेली आहे, आपल्या विश्वासाबद्दल आभारी आहोत. याओदादांनी ते वाचलं आणि त्यानंतर त्यांनी त्या कॉम्प्युटरवर कधी सामना बघितला नाही. मंडळाकडून सेलासी आला. लोकांच्या खाजगी गोष्टी बाहेर पडल्या आहेत, आमच्या नावाला बट्टा लागतो, म्हणून केंद्राची मदत थांबवत आहोत, असं त्यानं खाली मान घालून वाचून दाखवलं. आपण याच दुकानात उभं राहून काय बोललो होतो ते त्याला आठवत होतं की नाही, कोण जाणे. मी आठवण करून देणार होते, पण जिग्बोर्दीनं माझा हात धरला आणि त्याला बसायला स्टूल दिलं.

माणसं यायची थांबली. एकदम नाही, पण थांबली. काहींनी तिच्यावर विश्वास ठेवला, तरी त्यांनाही पुन्हा यायची भीती वाटायची, आणि त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. जिग्बोर्दी आता सरकारी दवाखान्यात बाळांना लशी टोचते. तिथल्या नोंदी दुसरंच कुणीतरी कॉम्प्युटरवर चढवतं.

सित्सोफेनं केटा सोडलं. उत्तरेला होहोएच्या पलीकडं एका खेड्यात तिला शाळा मिळाली. जिग्बोर्दी तिला भेटायला निघाली तेव्हा मी सोबतीला गेले. पहाटे निघालो, गाड्या बदलत दुपारी पोचलो. शाळा सुटलेली होती. सित्सोफेनं आम्हाला पाहून तोंड फिरवलं नाही. वर्गातल्या बाकावर बसवलं, संत्री सोलून दिली. ती पुन्हा रोडावली होती. तिनं हात लांब केला तेव्हा मनगट पाहूनच मला माप कळलं.

जिग्बोर्दीनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. फुली, निळा पडदा, नंबर, चेहरे. सित्सोफेनं ऐकून घेतलं.

“पटलं मला,” ती म्हणाली. “तुम्ही बोलला नाहीत हे पटलं. पण ज्यानं माझं नाव पाहिलं आणि ओळखलं, ते माणूस तुमच्याकडेच येणारं असणार. नाहीतर कसं ओळखणार? कोण ते?”

“ते मी सांगू शकत नाही.”

“आत्या होती का?”

जिग्बोर्दी बघत राहिली. ना हो म्हणाली, ना नाही. मी संत्र्याच्या साली गोळा करायला लागले, कारण माझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं हे मला माहीत आहे.

 सित्सोफे म्हणाली, “म्हणजे तिचं तुम्ही अजून राखलंय. माझं गेलं.”

“हो,” जिग्बोर्दी म्हणाली.

“मग आता मी पुन्हा कुणाकडे जाऊ? इथंही दवाखान्यात एक बाई बसते. चांगली आहे म्हणतात. तिच्याही टेबलावर कॉम्प्युटर आहे.”

जिग्बोर्दी जाऊ नको असं म्हणू शकत नव्हती, आणि जा असंही तिच्या तोंडून निघेना. मी तिच्याकडे पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांना शब्द शोधून देणारी बाई, तिथं बाकावर हातात संत्र्याची फोड धरून बसली होती. शेवटी ती म्हणाली की गेलीस तर नंबर देऊ नकोस, नुसती जा, आणि वार ठरवून घे. सित्सोफेनं मान हलवली. जाणार आहे की नाही ते सांगितलं नाही.

परतीची शेवटची गाडी लवकर असते. सित्सोफे फाट्यापर्यंत सोडायला आली, माझ्या हातात वाटेसाठी उकडलेले शेंगदाणे दिले. गाडी सुटल्यावर मी मागं वळून पाहिलं, तर ती शाळेकडे चालायला लागली होती. जिग्बोर्दीनं पाहिलं नाही. केटा येईपर्यंत शेंगदाणे मी एकटीनंच खाल्ले.